‘पॅप’ या नावामागचा माणूस

आरोग्य तपासणीच्या छापील यादीत रक्तातील साखर, थायरॉइड, सोनोग्राफी अशा परिचित नावांच्या खाली, स्त्रियांसाठीच्या रकान्यात ‘पॅप स्मिअर’ अशी एक ओळ असते. बहुतेक जणी ती पुढच्या वर्षावर ढकलतात. ‘पॅप’ हे एखाद्या लांबलचक वैद्यकीय संज्ञेचे आद्याक्षरी रूप असावे, असाच पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तो एका माणसाच्या आडनावाचा तुकडा आहे. पापानिकोलाऊ हे ग्रीक आडनाव न्यूयॉर्कमधील सहकाऱ्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचे ‘डॉ. पॅप’ करून टाकले आणि पुढे तेच नाव चाचणीलाही चिकटले. विशेष म्हणजे हे गृहस्थ स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हते, कर्करोगतज्ज्ञही नव्हते. त्यांची डॉक्टरेट होती पाण्यातील पिसवांवर.

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील युबिया बेटावरच्या किमी या गावी झाला. वडील निकोलास हे तेथील डॉक्टर. ते गावचे नगराध्यक्ष होते आणि संसदेतही निवडून गेले होते. आईला साहित्य आणि संगीताची ओढ होती. ती मुलातही उतरली असावी, कारण पंधराव्या वर्षी अथेन्स विद्यापीठात दाखल झालेला हा मुलगा प्रथम व्हायोलिन आणि तत्त्वज्ञान यांतच अधिक रमला. वैद्यक शिकावे ही वडिलांची इच्छा. ती त्याने पाळली आणि १९०४ साली उत्तम गुणांनी पदवीही मिळवली. सैन्यातील सक्तीची सेवा उरकून जॉर्ज गावी परतले, काही काळ त्यांनी गावाबाहेरच्या कुष्ठरुग्णांची देखभाल केली. वडिलांच्या दवाखान्याची खुर्ची तयार होती. तिच्यावर बसण्यास मात्र त्यांचे मन घेईना.

१९०७ मध्ये त्यांनी जर्मनीची वाट धरली. येना येथे हेकेल, फ्रायबुर्ग येथे वाइसमान आणि म्युनिक येथे हर्टविग, असे त्या काळातील जीवशास्त्राचे तीन मोठे गुरू त्यांनी जवळून पाहिले. म्युनिकला त्यांनी डॅफ्निया या सूक्ष्म जलचराचा अभ्यास केला. डबक्यातल्या या पिसवेची मादी एरवी नराशिवायच पिल्लांना जन्म देते. परिस्थिती पालटली की मग नर निर्माण होऊ लागतात. हे लिंग ठरते कसे, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९१० साली डॉक्टरेट मिळाली. या विषयाचा कर्करोगाशी काडीचा संबंध नाही. परंतु एकच जीव रोजच्या रोज भिंगाखाली धरून त्यात कालच्यापेक्षा आज काय बदलले ते नोंदवायचे, ही सवय त्यांना तेथे जडली आणि ती मरेपर्यंत सुटली नाही.

त्याच वर्षी त्यांचा विवाह आंद्रोमाखी मावरोयेनी या तरुणीशी झाला. लष्करी परंपरेच्या घराण्यातील, उत्तम शिक्षण झालेल्या या बाईंना पुढे सारे जग मेरी या नावाने ओळखू लागले. नवदांपत्य मोनॅको येथे गेले. तेथील सागरविज्ञान संस्थेत जॉर्ज यांना काम मिळाले आणि १९११ मध्ये राजे अल्बर्ट यांच्या संशोधननौकेवरून त्यांनी सफरही केली. तेवढ्यात आईच्या निधनाने त्यांना ग्रीसला परतावे लागले आणि १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटले. लष्करी डॉक्टर म्हणून आघाडीवर असताना त्यांना अमेरिकेतून लढण्यासाठी परत आलेले ग्रीक स्वयंसेवक भेटले. त्यांच्याकडून तिकडच्या संधींची वर्णने ऐकून त्यांनी मनाशी निश्चय केला.

१९ ऑक्टोबर १९१३ रोजी पती-पत्नी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली, तेव्हा खिशात २५० डॉलर होते. देशात प्रवेश मिळण्यासाठी तेवढे दाखवावेच लागत. इंग्रजी दोघांनाही येत नव्हते. मेरी यांनी गिंबल्स या प्रसिद्ध दुकानात आठवड्याला पाच डॉलरवर बटणे शिवण्याचे काम धरले. त्याच दुकानात गालिचे विकण्याची नोकरी जॉर्ज यांना मिळाली. ती त्यांनी एका दिवसात सोडली. मग उपाहारगृहांत व्हायोलिन वाजव, ग्रीक वर्तमानपत्रात कारकुनी कर, असे काही महिने गेले. आपल्याकडचा पदवीधर परदेशात जाऊन टॅक्सी चालवतो त्याची जी कहाणी आपण ऐकतो, तीच ही. फरक इतकाच, की येथे कोलंबिया विद्यापीठातील विख्यात आनुवंशशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांना त्या डॅफ्नियावरील प्रबंधाची माहिती होती. त्यांच्या शब्दाने प्रथम न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात आणि १९१४ मध्ये कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात त्यांचा शिरकाव झाला. मेरी त्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून येऊ लागल्या. पगाराविना.

विभागप्रमुख चार्ल्स स्टोकार्ड हे गिनीपिगांवर मद्याच्या वाफेचे परिणाम तपासत होते. पापानिकोलाऊ यांना लिंगनिश्चितीच्या अभ्यासासाठी त्याच प्राण्यांच्या मादीचे बीजांड नेमक्या पक्वतेच्या क्षणी हवे होते. तो क्षण बाहेरून ओळखण्याचा उपाय नव्हता. अंदाजाने मादी मारायची, उघडायची, आणि बहुधा हाती काहीच लागायचे नाही. एवढ्या जनावरांचा नाश त्यांना रुचेना. स्त्रियांना ऋतुस्राव होतो, तर इतर सस्तन माद्यांतही त्याच्याशी मिळताजुळता काही बदल ठरावीक काळाने होत असलाच पाहिजे, कदाचित तो डोळ्यांना दिसणार नाही इतका अल्प असेल, असा तर्क त्यांनी केला. दुकानातून नाक तपासण्याचे छोटेसे उपकरण आणले आणि त्याच्या साह्याने ते रोज गिनीपिगांच्या योनिमार्गाची पाहणी करू लागले. रक्त कोठे दिसले नाही. मग त्यांनी तेथील ओलावा काचपट्टीवर पुसून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पट्टीवर पेशींचे चित्र दिवसागणिक पालटत होते. पंधरा-सोळा दिवसांनी तेच चित्र पुन्हा येई. बीजांड केव्हा तयार होते हे आता एकही जनावर न मारता सांगता येऊ लागले.

स्टोकार्ड आणि पापानिकोलाऊ यांचा हा शोधनिबंध १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या गदारोळात त्याचे महत्त्व झाकोळले गेले, हे खरे तर नवल आहे. ही काचपट्टीची युक्ती हाती आल्यावरच इतर प्रयोगशाळांनी उंदीर-घुशींच्या ऋतुचक्राचे वेळापत्रक मांडले आणि १९२३ मध्ये ॲलन व डॉइझी यांना स्त्रीसंप्रेरकाचा माग काढता आला. त्यानंतर काहीही केले नसते, तरी पापानिकोलाऊ यांचे नाव शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत राहिलेच असते.

गिनीपिगांनंतर पाळी आली माणसाची, म्हणजे प्रत्यक्षात मेरीबाईंची. संशोधनासाठी रोज तपासणी करू देणारी निरोगी स्त्री त्या काळी कोठून मिळणार? मेरी यांनी स्वतःचे शरीर पुढे केले. एक-दोन महिन्यांसाठी नव्हे. सुमारे दोन दशके त्यांच्याकडून नमुने घेतले जात होते. दिवसभर प्रयोगशाळेत इतर काचपट्ट्या रंगवायच्या, नोंदी ठेवायच्या, घर चालवायचे आणि शिवाय स्वतः अभ्यासाचा विषय व्हायचे. निरोगी स्त्रीच्या पेशी महिन्याच्या कोणत्या दिवशी कशा दिसतात याचे ज्ञान पापानिकोलाऊ यांना झाले ते या काचपट्ट्यांवरून. पुढे जे विपरीत ते त्यांच्या नजरेला चटकन खटकले, याचे कारण सरळ काय असते ते त्यांना पाठ होते. विज्ञानाच्या इतिहासात अशा पत्नींचा उल्लेख बहुधा ‘साथ दिली’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतो. येथे तो तसा आटोपणे म्हणजे खोटे बोलणे ठरेल.

एका घरातल्या पट्ट्या पुरेशा नव्हत्या. १९२५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील स्त्रियांच्या रुग्णालयातील काही स्वयंसेविकांचे नमुने त्यांनी पद्धतशीरपणे तपासावयास घेतले. त्यांतील एकीला गर्भाशयाचा कर्करोग होता. तिच्या पट्टीवर ओळखीच्या पेशींच्या गर्दीत काही वेगळ्याच पेशी होत्या. केंद्रक फुगलेले, काळवंडलेले, कडा वेड्यावाकड्या, आणि भोवतीचा पेशीद्रव अगदी थोडा. गाठ न कापता, केवळ गळून पडलेल्या पेशींवरून रोग दिसत होता. हा क्षण आपल्या कारकिर्दीतील सर्वांत रोमांचक होता, असे त्यांनी उत्तरायुष्यात सांगितले.

जानेवारी १९२८ मध्ये त्यांनी हा शोध मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे एका परिषदेत मांडला. परिषद होती वंशसुधारणेची! मनुष्यजातीची निवडक पैदास करावी असे मानणाऱ्यांच्या त्या मेळाव्यात पेशींच्या अभ्यासाकडे कोण लक्ष देणार? छापील वृत्तांतही मुद्रणदोषांनी भरलेला निघाला. पण खरा विरोध जाणकारांकडून झाला. गर्भाशयाचे मुख डोळ्यांना दिसते, तेथील तुकडा कापून तपासता येतो. मग सुट्या पेशी धुंडाळण्याचा खटाटोप कशाला, असा त्या वेळच्या पॅथॉलॉजिस्ट मंडळींचा सवाल होता.

सवाल चुकीचा नव्हता. फक्त तो आजारी स्त्रीपुरता खरा होता. तुकडा कापावयाचा तो जिला रक्तस्राव होतो, जिच्या ओटीपोटात दुखते, तिचा. आणि ही लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते. जिला काहीच होत नाही अशा बाईचा तुकडा कोण कापणार? तिच्यासाठीच काचपट्टी होती. अर्थात १९२८ मध्ये हे खुद्द पापानिकोलाऊ यांनाही इतक्या स्पष्टपणे उमगले होते असे दिसत नाही, कारण त्यांनी तो विषय जवळजवळ दशकभर बाजूला ठेवला आणि ते स्त्रीच्या ऋतुचक्राच्या अभ्यासाकडे वळले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९३३ मध्ये आला.

येथे एका दुसऱ्या नावाचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. रुमानियातील ऑरेल बाबेश या पॅथॉलॉजिस्टने स्वतंत्रपणे हीच गोष्ट शोधली होती आणि जानेवारी १९२७ मध्ये, म्हणजे बॅटल क्रीकच्या वर्षभर आधी, बुखारेस्टमध्ये ती सांगितलीही होती. १९२८ च्या एप्रिलमध्ये त्यांचा निबंध पॅरिसच्या नियतकालिकात फ्रेंच भाषेत छापून आला. ते प्लॅटिनमच्या तारेच्या फासाने थेट गर्भाशयाच्या मुखावरून पेशी घेत. पापानिकोलाऊ रबरी फुगा लावलेल्या काचनळीने योनीतील स्राव ओढून घेत. आजची पद्धत पाहिली तर ती बाबेश यांच्या पद्धतीच्या अधिक जवळची वाटते. रुमानियात या चाचणीला दोघांचे जोडनाव देतात, ते उचितच आहे. मात्र बाबेश यांनी तो धागा पुढे नेला नाही आणि पापानिकोलाऊ यांनी तो दहा वर्षांनी पुन्हा हाती घेतला.

१९३९ मध्ये स्टोकार्ड वारले. नवे विभागप्रमुख जोसेफ हिन्सी यांनी पापानिकोलाऊ यांना कर्करोगाचे काम पुन्हा सुरू करण्यास मोकळीक दिली. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांची जोड मिळाली. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा नमुना, तक्रार कोणतीही असो, घ्यायचा असे ठरले. ‘प्रत्येक’ या एका शब्दाने सारे बदलले. ज्यांच्याबद्दल कोणालाही शंका नव्हती अशा काही स्त्रियांच्या पट्ट्यांवर विकृत पेशी निघाल्या. काहींचा रोग तर इतक्या आरंभीच्या टप्प्यात होता, की नुसत्या डोळ्यांना गर्भाशयाचे मुख निर्दोष दिसत होते. १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथातील पेशींची रंगीत चित्रे हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकाराने काढली होती. अमेरिका-जपान युद्ध ऐन भरात असताना एका ग्रीक डॉक्टरच्या पुस्तकाला जपानी कुंचला लाभावा, हाही एक योगच.

रंगांचा उल्लेख आला म्हणून थोडे सांगायला हवे. पेशी पट्टीवर पसरल्या की त्या वाळण्याच्या आत अल्कोहोलमध्ये बुडवाव्या लागतात. क्षणभर उशीर झाला तरी त्या फुगून ओळखू येईनाशा होतात. त्यानंतर पापानिकोलाऊ यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेली रंगपद्धती वापरतात. तिने केंद्रक गडद निळे होते, पक्व पेशी गुलाबी-नारिंगी, तर कोवळ्या पेशी निळसर-हिरव्या दिसतात. पेशीद्रव पारदर्शक राहत असल्याने एकावर एक चढलेल्या पेशीही वेगळ्या पाहता येतात. एका पट्टीवर हजारो पेशी असतात आणि त्यांतील दोषी चार-दोनच असू शकतात. तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या नजरेला खडा जसा पटकन सापडतो, तशी नजर तयार व्हावी लागते. या कामासाठी पुढे प्रशिक्षित तंत्रज्ञांचा एक नवा व्यवसायच उभा राहिला आणि त्यात स्त्रियांचा भरणा मोठा होता.

१९४७ मध्ये कॅनडातील अर्नेस्ट एअर यांनी गर्भाशयाच्या मुखावरून पेशी खरवडण्यासाठी लाकडाची छोटी चपटी काठी सुचवली आणि नमुना घेणे सोपे झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकन कॅन्सर सोसायटीने या तपासणीच्या प्रसाराची धुरा उचलली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन स्त्रियांच्या कर्करोगमृत्यूंत हा कर्करोग सर्वांत पुढे असे. १९५५ ते १९९२ या काळात तेथे त्याचे मृत्यूचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. याचे रहस्य रोगाच्या मंद गतीत आहे. पहिल्या बिघाडापासून खऱ्या कर्करोगापर्यंत साधारण दहा-पंधरा वर्षे जातात. तेवढ्या अवधीत बिघाड कळला तर तो भाग काढून टाकण्याची लहानशी प्रक्रिया पुरते, गर्भाशयही राहते.

मात्र एक पट्टी निर्दोष निघाली म्हणजे निश्चिंत झालो असे नव्हे. बिघडलेल्या पेशी काठीला लागल्याच नाहीत, किंवा तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटल्या, असे होते. म्हणून ही चाचणी ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा करावी लागते. न्यूयॉर्कची बाई परत येत होती. जी बाई आयुष्यात एकदाच तपासणीला येईल तिचे काय? याचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर मराठी मुलखातून मिळाले. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. गावांचे चार गट केले होते. एका गटात पॅप चाचणी, दुसऱ्यात या कर्करोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात केवळ नेहमीची आरोग्यसेवा. या चौथ्या गटाला तपासणीविना ठेवले, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू चौथ्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. एकदाच केलेल्या पॅप चाचणीने मृत्यूंत तशी ठोस घट दिसली नाही.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांत व्हिनेगरची पाहणी दर दोन वर्षांनी, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून करवली, तेव्हा मात्र त्या साध्या उपायानेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून विषाणूच्या चाचणीला अग्रक्रम देते. त्यामुळे पापानिकोलाऊ यांची पट्टी हळूहळू दुसऱ्या फळीत जात आहे. विषाणू सापडल्यावर पुढे काय, हे ठरवताना अनेक ठिकाणी तीच पुन्हा लागते. आपल्याकडे तर पहिली-दुसरी फळी दूरच राहिली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी या कर्करोगाची कोणतीही तपासणी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के आढळल्या. देशात दरवर्षी ७५ हजारांहून अधिक स्त्रिया या रोगाने दगावतात.

डॉ. पॅप यांच्या जीवनक्रमात प्रसिद्धीने फारसा फरक पडला नाही. लाँग आयलंडवरील घर ते प्रयोगशाळा एवढेच त्यांचे जग; रविवारचाही अर्धा दिवस कामाचा, आणि सुटी हा शब्द जवळजवळ अपरिचित. मूलबाळ नव्हते. १९५० मध्ये त्यांना मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९५४ मध्ये शरीराच्या निरनिराळ्या अवयवांतून गळणाऱ्या पेशींचा त्यांचा मोठा चित्रकोश प्रसिद्ध झाला. लघवी, थुंकी, पोटातील द्रव यांतूनही कर्करोग वाचता येतो हे त्याने दाखवून दिले, आणि आजही गावोगावच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत त्यांच्याच नावाची रंगपद्धती वापरली जाते. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले. ते मिळाले नाही. याच कर्करोगामागील विषाणू शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना मात्र २००८ मध्ये ते लाभले. ग्रीसने आपल्या सुपुत्राला दहा हजार द्राख्मांच्या नोटेवर स्थान दिले. पुढे युरो आला आणि ती नोटही गेली.

नोव्हेंबर १९६१ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, न्यूयॉर्कमधील जवळपास अर्ध्या शतकाचा मुक्काम हलवून ते मायामीला गेले. तेथील कर्करोग संशोधन संस्थेची उभारणी त्यांच्यावर सोपवण्यात आली होती. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. मेरी मायामीलाच राहिल्या आणि संस्थेच्या कामात लक्ष घालत राहिल्या. पतीच्या मागे वीस वर्षांनी, १९८२ मध्ये, त्यांनी जगाचा निरोप घेतला.